हळद, कोरफड आणि बिब्बा : कातडीला लावल्यावर आत नेमकं काय होतं?

हात कापला की आपल्याकडे आधी हळदीचा डबा उघडतो, दवाखाना नंतर आठवतो. या सवयीत तथ्य आहे का? आहे, पण अर्धंच.

आधी सूज कशी येते ते पाहू. कातडीच्या सगळ्यात वरच्या थरातल्या बहुतेक पेशींना केराटिनोसाइट म्हणतात. जखम झाली, जंतू शिरले किंवा कडक उन्हाने कातडी भाजली की या पेशी रसायनांच्या रूपात निरोप धाडतात. मग तिथला रक्तपुरवठा वाढतो, रक्तातल्या पांढऱ्या पेशी गोळा होतात आणि जागा लाल होते, सुजते, ठणकते. हे निरोप सुरू करणारं पेशीतलं एक महत्त्वाचं बटण म्हणजे एनएफ-कप्पा-बी नावाचं प्रथिन.

हळदीला पिवळा रंग देणारं कर्क्युमिन हे बटण दाबू देत नाही. प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींवर हे वारंवार दिसलं आहे. म्हणजे आजीचं सांगणं हवेतलं नव्हतं. हळदीने जखम भरते यावर १९९५ साली अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला चक्क पेटंट मिळालं होतं. आपल्या सीएसआयआरने (तेव्हा डॉ. रघुनाथ माशेलकर महासंचालक होते) हे ज्ञान भारतात जुनंच असल्याचे पुरावे पुढे ठेवले आणि १९९७ मध्ये ते रद्द झालं.

मग अडचण कुठे? प्रयोगशाळेत शुद्ध कर्क्युमिन मोजून थेट पेशींवर सोडतात. घरच्या १०० ग्रॅम हळदीत ते साधारण २ ते ५ ग्रॅमच असतं. पाण्यात ते जवळपास विरघळत नाही, उजेडात बिघडतं आणि कातडीतून फारसं आत उतरत नाही. शिवाय डब्यातली हळद काही निर्जंतुक नसते. सुट्या हळदीत तर रंगासाठी मेटॅनिल यलो किंवा लेड क्रोमेटची भेसळही सापडते. खरचटल्यावर चिमूटभर लावली तर बहुतेकांना त्रास होत नाही. खोल जखमेत मात्र पूड भरू नका. घाण आत राहते आणि डॉक्टरांना जखमही नीट दिसत नाही.

कोरफडीचं तसं बरं आहे. पानातला पारदर्शक गर थंडावा देतो, किरकोळ आग कमी करतो. पण साल आणि गराच्या मधून निघणारा पिवळा चीक कातडीला खाज आणू शकतो. पान कापून थोडा वेळ उभं धरा, चीक गळू द्या, गर धुवा, मगच लावा.

खरा धोका बिब्ब्याचा. काटा मोडला, टाच भेगाळली, गुडघा सुजला की अजूनही बिब्ब्याचं तेल लावतात. त्यातलं भिलावानॉल सूज शमवत नाही, उलट पेटवतं. शरीर त्याला शत्रू समजून स्वतःच्याच कातडीवर तुटून पडतं. यालाच आपण 'बिब्बा उतला' म्हणतो : फोड, पाणी, असह्य खाज, कधी चेहऱ्यापर्यंत सूज. पहिल्या वेळी काही झालं नाही म्हणून पुढच्या वेळी होणार नाही असं नाही; पहिल्या संपर्कानंतरच शरीर त्याला ओळखायला लागतं. काजूच्या टरफलाच्या तेलातही त्याच जातीची द्रव्यं असतात, कोकणात काजू फोडणाऱ्यांचे हात उगाच सोलत नाहीत. बिब्बा अंगाला लागलाच तर लगेच साबण-पाण्याने धुवा. फोड आले तर फोडू नका, दवाखाना गाठा.

कुठलाही पाला पहिल्यांदा लावताना कोपराच्या आतल्या बाजूला थोडासा लावून एक-दोन दिवस वाट बघा. भाजलं असेल तर हळद नको, टूथपेस्ट नको. २० मिनिटं साध्या वाहत्या पाण्याखाली धरा. लाली पसरत चालली, पू झाला, ताप आला, किंवा साखरेचा आजार असणाऱ्याच्या पायाला जखम झाली, तर त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. गंजलेल्या पत्र्याने किंवा खिळ्याने लागलं असेल तर धनुर्वाताचं इंजेक्शन लागेल का, तेही तिथेच विचारा.