उमेदवार कुठला? वास्तव्य आणि पात्रतेबाबत कायदा काय सांगतो

वाराणसी लोकसभा मतदारसंघातून निवडणूक लढविण्यासाठी वाराणसीचा रहिवासी असणे बंधनकारक नाही. मात्र तेथील निवडणुकीला न्यायालयात आव्हान देण्यासाठी तेथील मतदार किंवा त्या निवडणुकीतील उमेदवार असणे आवश्यक आहे. हा फरक २०१९ च्या निवडणुकीनंतर निर्णायक ठरला.

बाहेरच्या प्रांतांशी या नगरीचे नाते जुने आहे. येथील मुन्शी घाट नागपूरच्या भोसले राज्याचे मंत्री श्रीधर नारायण मुन्शी यांनी १९ व्या शतकाच्या आरंभी बांधला. पुढे त्याचा काही भाग बिहारच्या दरभंगा राजघराण्याने विकत घेतला आणि तो दरभंगा घाट म्हणून ओळखला जाऊ लागला. राजकारणातही हेच घडले. २०१४ मध्ये या मतदारसंघात गुजरातचे तत्कालीन मुख्यमंत्री नरेंद्र मोदी आणि दिल्लीचे माजी मुख्यमंत्री अरविंद केजरीवाल यांच्यात लढत झाली. दोघेही वाराणसीचे रहिवासी नव्हते आणि कायद्याच्या दृष्टीने ती अडचणही नव्हती.

लोकसभेसाठी अट काय?

उमेदवार भारतीय नागरिक असावा आणि त्याचे वय किमान २५ वर्षे असावे, असे राज्यघटनेच्या ८४ व्या अनुच्छेदात नमूद आहे. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ च्या कलम ४ नुसार त्याचे नाव देशातील कोणत्याही लोकसभा मतदारसंघाच्या मतदार यादीत असले तरी पुरते. सिक्कीम, लक्षद्वीप आणि आसामचे स्वायत्त जिल्हे यांच्यासाठी मात्र स्थानिक मतदार असण्याची स्वतंत्र अट आहे. अन्य मतदारसंघातील उमेदवाराला आपल्या नावाच्या नोंदीची प्रमाणित प्रत सादर करावी लागते.

सूचक मात्र त्याच मतदारसंघाचा मतदार असावा लागतो. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक, तर अपक्षाला दहा सूचक लागतात. २०१४ मध्ये मोदी यांच्या सूचकांमध्ये पंडित मदनमोहन मालवीय यांचे नातू, निवृत्त न्यायाधीश गिरीधर मालवीय आणि शास्त्रीय गायक छन्नूलाल मिश्र यांचा समावेश होता.

तेज बहादुर यादव प्रकरण

जवानांना मिळणाऱ्या जेवणाच्या दर्जाबाबत तक्रार करणारी चित्रफीत सीमा सुरक्षा दलाचे जवान तेज बहादुर यादव यांनी जानेवारी २०१७ मध्ये प्रसारित केली होती. त्याच वर्षी एप्रिलमध्ये त्यांना बडतर्फ करण्यात आले. मूळचे हरियाणाचे असलेल्या यादव यांनी २०१९ मध्ये वाराणसीतून प्रथम अपक्ष आणि नंतर समाजवादी पक्षाचे उमेदवार म्हणून अर्ज भरला.

अडचण वास्तव्याची नव्हती. सरकारी सेवेतून बडतर्फ झालेल्या व्यक्तीला, बडतर्फीपासून ५ वर्षे पूर्ण झाली नसल्यास, भ्रष्टाचार किंवा देशाशी अप्रामाणिकपणा हे बडतर्फीचे कारण नसल्याचे निवडणूक आयोगाचे प्रमाणपत्र अर्जासोबत जोडावे लागते. आपल्यावरील कारवाई बेशिस्तीबद्दल झाली होती, असे यादव यांचे म्हणणे होते. परंतु हे प्रमाणपत्र अर्जासोबत नव्हते. १ मे २०१९ रोजी निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांनी अर्ज फेटाळला.

यादव यांनी निकालानंतर अलाहाबाद उच्च न्यायालयात निवडणूक याचिका दाखल केली. अधिनियमाच्या कलम ८१ नुसार अशी याचिका केवळ उमेदवार किंवा त्या मतदारसंघाचा मतदार दाखल करू शकतो. यादव हे वाराणसीचे मतदार नव्हते आणि त्यांचे नामनिर्देशन वैध नसल्याने त्यांना उमेदवारही मानता येणार नाही, असे नमूद करीत उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१९ मध्ये याचिका फेटाळली. मूळचे नागपूरचे तत्कालीन सरन्यायाधीश शरद बोबडे यांच्या अध्यक्षतेखालील पीठाने २४ नोव्हेंबर २०२० रोजी हा निर्णय कायम ठेवला. त्यामुळे पुरावे नोंदवून पूर्ण सुनावणी घेण्याचा टप्पा आलाच नाही.

अन्य पदांसाठी तरतुदी

विधानसभा : उमेदवार त्याच राज्यातील कोणत्याही विधानसभा मतदारसंघाचा मतदार असावा लागतो.

राज्यसभा : पूर्वी संबंधित राज्याचा मतदार असणे आवश्यक होते. २००३ च्या दुरुस्तीने ही अट रद्द झाली आणि कुलदीप नय्यर यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये ही दुरुस्ती वैध ठरविली. तमिळनाडूचे पी. चिदंबरम २०१६ मध्ये, तर उत्तर प्रदेशातील इम्रान प्रतापगढी २०२२ मध्ये महाराष्ट्रातून राज्यसभेवर निवडून गेले.

मुख्यमंत्री : सभागृहाचा सदस्य नसलेल्या व्यक्तीला ६ महिन्यांत सदस्य व्हावे लागते. २८ नोव्हेंबर २०१९ रोजी शपथ घेतलेले उद्धव ठाकरे मे २०२० मध्ये विधान परिषदेवर बिनविरोध निवडून आले.

राज्यपाल : भारतात या पदासाठी निवडणूक होत नाही, राष्ट्रपती नियुक्ती करतात. नागरिकत्व आणि ३५ वर्षे पूर्ण वय या अटी आहेत. वास्तव्याची अट नाही. उलट राज्याबाहेरील व्यक्ती नेमण्याचा संकेत आहे. अमेरिकेत मात्र राज्याचे गव्हर्नर जनतेकडून निवडले जातात. न्यू यॉर्कच्या घटनेनुसार त्यासाठी राज्यात निवडणुकीपूर्वी ५ वर्षे वास्तव्य असावे लागते.

मतदाराचा अधिकार

नामनिर्देशन चुकीच्या पद्धतीने फेटाळले गेल्याचे सिद्ध झाल्यास न्यायालय संपूर्ण निवडणूक रद्द ठरवू शकते. हे आव्हान केवळ पराभूत उमेदवारानेच द्यावे, असे नाही. मुन्शी घाटाजवळ राहणाऱ्या आणि वाराणसीच्या मतदार यादीत नाव असलेल्या सामान्य नागरिकालाही तो अधिकार आहे. त्यासाठी विजयी उमेदवाराच्या निवडीच्या तारखेपासून ४५ दिवसांच्या आत उच्च न्यायालयात याचिका दाखल करावी लागते. मतदार यादीत नाव नोंदविण्यासाठी त्या मतदारसंघात सर्वसाधारण वास्तव्य असावे लागते. तेथे केवळ घर मालकीचे असणे पुरेसे नसते.