फादर हॉफमन यांची पतसंस्था

आदिवासी भागातील एखाद्या योजनेसाठी अनुदान मागावयाचे झाले की अर्जात एक रकाना हमखास असतो : मुदत संपल्यावर हे काम कसे चालू राहील? बहुधा हा रकाना सर्वांत शेवटी, घाईघाईने भरला जातो. ‘लोकसहभागातून’ एवढे लिहिले की सुटका! या प्रश्नाचे खरे उत्तर छोटानागपुरात, असे छापील अर्ज निघण्याच्या कितीतरी आधी मिळून गेले आहे.

मुंडा व उरांव लोकांच्या वडिलोपार्जित जमिनी एकोणिसाव्या शतकात जमीनदार आणि सावकार यांच्या घशात जात होत्या. १८८५ साली तेथे गेलेल्या फादर कॉन्स्टंट लिव्हन्स यांनी खंड व वेठबिगारीच्या खटल्यांत लोकांना आधार दिला. पण प्रकृती खालावून १८९२ साली ते मायदेशी परतले आणि पुढच्याच वर्षी निवर्तले. १८९९-१९०० मध्ये बिरसा मुंडा यांचा उठाव झाला. सरवदा येथील मिशनवरही तेव्हा बाण सुटले. त्याच मिशनमध्ये राहणारे जर्मन येशूसंघीय फादर जॉन बॅप्टिस्ट हॉफमन यांचा मुंडा जमीनपद्धतीचा अभ्यास पुढे १९०८ च्या छोटानागपूर कुळकायद्याच्या कामी आला, हे विसरता येत नाही.

कायद्याने जमीन राखली, तरी पेरणीच्या दिवसांत घरात दाणा नसला तर मनुष्य सावकाराच्या ओटीवर जाणारच. म्हणून १९०९ साली हॉफमन यांनी रांची येथे कॅथॉलिक सहकारी पतसंस्था काढली. जोडीला गावोगावी धानगोले उभे राहिले : पेरणीला धान उसने न्यावे, सुगीनंतर थोड्या वाढीसह परत घालावे. आदर्श होता जर्मनीतील राइफाइझेन यांचा. श्रीमंतांच्या देणग्यांवर उभारलेले मंडळ फार काळ तग धरीत नाही, हे पाहून त्यांनी १८६४ साली हेडेसडॉर्फ येथे सर्व भार सभासदांवरच टाकला होता. रांचीतही भांडवल म्हणजे सभासदांच्याच लहान लहान ठेवी. कर्ज कोणास द्यावे, हे शेजारपाजारच्या पंचांस जितके कळे तितके परक्या कारकुनास कळणे शक्य नव्हते. आमच्या मते योजनेचे सारे मर्म येथे आहे. इमारत किंवा वाहन यांत नाही.

परीक्षाही लवकरच झाली. महायुद्धात जर्मन म्हणून हॉफमन यांना १९१५ साली भारत सोडावा लागला. संस्थापक गेला, सहा वर्षांची संस्था मागे राहिली. आणि ती टिकली. तीनच वर्षांनी, १९१८ साली, आपल्या वसईत मॉन्सेनियर पी. जे. मोनीस यांनी कॅथॉलिक बँक स्थापिली, तीही स्थानिक ठेवींवरच.

हॉफमन पुन्हा भारतात आले नाहीत. मुंडारी भाषा-संस्कृतीच्या विश्वकोशाचे काम ते जर्मनीतून करीत राहिले. १९२८ साली ते वारले, तेव्हा त्याचा पहिला खंडही छापून निघाला नव्हता. रांचीच्या पतसंस्थेने मात्र शंभरी ओलांडली आहे.