अंबू दाबणारे हात आणि चार वर्षांची डिग्री

परवा संध्याकाळी गल्लीतले एक शेजारी घरी आले. मुलगी यंदा बारावी सायन्स झाली, नीटमध्ये मार्क कमी पडले. हातात एका कॉलेजचं रंगीत पत्रक. रेस्पिरेटरी केअरची डिग्री, चार वर्षं, 'शंभर टक्के नोकरी'. शुक्रवारपर्यंत पैसे भरून सीट पक्की करा असं फोनवर सांगितलेलं. म्हणाले, "दादा, तुम्ही पेपरवाले. हे नक्की काय असतं? व्हेंटिलेटरचं बटण दाबायला चार वर्षं लागतात का?"

मला लगेच उत्तर देता आलं नाही. एप्रिल २०२१ आठवला.

त्या महिन्यात माझ्या मामाला घशात नळी घातली तेव्हा वॉर्डात व्हेंटिलेटर होता, पण तो सुरू नव्हता. मोठ्या दवाखान्यात न्यायचं ठरलं, गाडी यायला दोन तास. तोवर सिस्टरनी माझ्या हातात रबरी फुगा दिला, ज्याला सगळे अंबू म्हणतात. दोन-चार वेळा दाबून दाखवला आणि त्या दुसऱ्या पेशंटकडे पळाल्या. त्यांचाही दोष नव्हता, एका बाईच्या वाट्याला अख्खा वॉर्ड. मी दाबत राहिलो. किती जोरात, मिनिटाला किती वेळा, मामा मधेच स्वतः श्वास घ्यायला लागला तर काय करायचं, काही माहिती नाही. चौथ्या दिवशी मामा गेला. माझ्या दाबण्याने गेला असं कुणी म्हणालं नाही. पण बरोबर दाबत होतो असंही कुणी सांगू शकलं नाही.

नंतर वाचताना कळलं की असाच फुगा हातात घेऊन बसलेली पोरं सत्तर वर्षांपूर्वी डेन्मार्कमध्ये होती.

१९५२ चा उन्हाळा. कोपनहेगनमध्ये पोलिओची जबरदस्त साथ आली. ब्लेगडाम नावाच्या साथरोग रुग्णालयात ऐन भरात दिवसाला पन्नासच्या आसपास रुग्ण येत होते. पोलिओ म्हटलं की आपल्याला लुळा पाय आठवतो, पण तो श्वासाचे आणि गिळण्याचे स्नायूही लुळे करतो. यंत्रं किती? अख्खा रुग्ण आत झोपवायची लोखंडी पेटी, म्हणजे आयर्न लंग, एक. छातीवर बसवायची कवचासारखी यंत्रं सहा. आयर्न लंग काही नवी नव्हती, १९२८ मध्ये बोस्टनला ती पहिल्यांदा वापरली गेली होती. पण इथे श्वास अडकलेल्या पहिल्या ३१ रुग्णांपैकी २७ गेले.

प्रमुख डॉक्टर लासेन यांनी शेवटी ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाला बोलावलं. तेव्हा भूलतज्ज्ञाचं काम ऑपरेशन थिएटरपुरतं, वॉर्डात त्याला कोण विचारतो! रुग्णांच्या रक्तात बायकार्बोनेट खूप वाढलेलं दिसत होतं आणि डॉक्टर त्याला रक्ताचा काहीतरी वेगळाच बिघाड समजत होते. इब्सेन म्हणाले, हा बिघाड नाही, आत कार्बन डायऑक्साइड साठतोय. माणूस गुदमरतोय. ऑक्सिजन देऊन अंग गुलाबी दिसलं तरी आतला वायू बाहेर पडत नसेल तर तो मरणारच.

आपण सगळे, मीसुद्धा, २०२१ मध्ये बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवरचा एक आकडा बघत बसलो होतो. त्या आकड्यात कार्बन डायऑक्साइड दिसत नाही. तो मोजायला मनगटातल्या धमनीतून रक्त काढावं लागतं, त्या तपासणीला एबीजी म्हणतात, आणि तिचा कागद वाचून यंत्राचे आकडे बदलणारा माणूस लागतो. शेजाऱ्यांच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच आहे.

२७ ऑगस्ट १९५२ ला बारा वर्षांच्या एका मरणासन्न मुलीच्या गळ्याला छिद्र पाडून नळी बसवली गेली आणि इब्सेननी फुग्याने श्वास द्यायला सुरुवात केली. आधी जमेना. मुलगी धडपडत होती, हवा आत जाईना. मग त्यांनी औषध देऊन तिला शांत केलं, अंग सैल पडलं, फुगा चालू लागला. मुलगी वाचली.

पण एक मुलगी वाचवणं वेगळं आणि वॉर्ड वाचवणं वेगळं. फुगा दाबायला माणसं हवीत, चोवीस तास, कित्येक आठवडे. मग वैद्यकीय महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांना बोलावलं. सुमारे १५०० विद्यार्थी पाळ्या लावून बसले. एका वेळी सत्तर रुग्णांना हाताने श्वास चालू होता. हे हातांचे तास कुणीतरी मोजले, ते भरले १,६५,००० च्या घरात. मृत्यूचं प्रमाण निम्म्याहून खाली आलं. पुढच्याच वर्षी इब्सेननी कोपनहेगनमध्ये कायमचा अतिदक्षता विभाग उभा केला. जगातला पहिला आयसीयू म्हणून बहुतेक जण त्याचंच नाव घेतात. आपला अंबू फुगासुद्धा डेन्मार्कचाच, १९५६ चा.

ती पोरं पुढे डॉक्टर होऊन आपापल्या वाटेने गेली. युरोपात बहुतेक ठिकाणी हे काम नर्स आणि फिजिओथेरपिस्ट यांच्याकडे राहिलं. वेगळा पेशा झाला तो अमेरिकेत, आणि तोही हमालीतून. तिथल्या दवाखान्यांत ऑक्सिजनचे सिलिंडर ढकलत बेडपर्यंत नेणारी पोरं असायची. त्यातल्याच काहींना डॉक्टरांनी हाताखाली शिकवायला घेतलं. १९४७ मध्ये शिकागोत या लोकांनी संघटना नोंदवली. १९६० मध्ये परीक्षा घेऊन नोंदणी करायची यंत्रणा आली. १९८२ मध्ये कॅलिफोर्नियाने कायद्याने परवाना सक्तीचा केला. आणि २०१८ मध्ये तिथे नियम आला की या विषयाचा नवा अभ्यासक्रम काढायचा तर तो निदान पदवीचा हवा, दोन वर्षांचा चालणार नाही. सिलिंडर ढकलण्यापासून पदवीपर्यंत यायला सत्तर वर्षं लागली.

आपल्याकडे मणिपाल, वेल्लोर अशा ठिकाणी याचं पदवी शिक्षण आहे. पण आपल्या बाजूला आयसीयूत हे काम कोण करतं? भूलतज्ज्ञ असला तर तो, नाहीतर रात्रपाळीचे निवासी डॉक्टर, नाहीतर बघून बघून शिकलेला एखादा ब्रदर. हे ब्रदर लोक फार हुशार असतात, मी त्यांना कमी लेखत नाही. पण त्यांना कुणी शिकवलेलं नसतं.

मे २०२० मध्ये पीएम केअर्समधून ५०,००० व्हेंटिलेटरसाठी २,००० कोटी जाहीर झाले. यंत्रं आली. २०२१ मध्ये ठिकठिकाणी ती खोक्यात पडून असल्याच्या बातम्या आम्हीच छापल्या. औरंगाबादच्या शासकीय रुग्णालयातल्या १५० व्हेंटिलेटरचं प्रकरण तर खंडपीठात गेलं. डॉक्टर म्हणत यंत्रं सदोष आहेत, केंद्राची बाजू अशी की चालवणाऱ्यांना नीट येत नाही. न्यायालयाने या ढकलाढकलीवर चांगलंच सुनावलं. मी तेव्हा बातमीत यंत्रं मोजली. चालवणारी माणसं किती आहेत, हा प्रश्न मला सुचला नाही. माझीही ती चूकच.

त्याच वर्षी संसदेने अलाइड आणि हेल्थकेअर व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. त्याच्या यादीत श्वसन तंत्रज्ञाचं नाव आहे. तासांची अटही आहे: अलाइड हेल्थ प्रोफेशनल म्हणवून घ्यायला दोन ते चार वर्षांत निदान २००० तासांचं शिक्षण, आणि हेल्थकेअर प्रोफेशनल व्हायला तीन ते सहा वर्षांत निदान ३६०० तास. म्हणजे सहा महिन्यांत 'आयसीयू टेक्निशियन' करून देणारी दुकानं यात कुठेच बसत नाहीत. कायदा झाला, पण राज्यं हलेनात. शेवटी ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला तारीख घालून द्यावी लागली.

हे सगळं शेजाऱ्यांना सांगितलं. चहा दोनदा झाला. मुलगी दारात उभी राहून ऐकत होती. तिनेच विचारलं, "काका, मग हे कॉलेज चांगलं का वाईट, कसं ओळखायचं?"

मी म्हणालो, पत्रकावरची इमारत बघू नकोस. प्रवेशाला बारावीत भौतिक, रसायन, जीवशास्त्र मागतात, ते तुझ्याकडे आहे, त्यात अडचण नाही. डिग्री कुठल्या विद्यापीठाची मिळणार ते पत्रकावर नाही, लेखी विचार. राज्याच्या परिषदेत नोंदणी होईल का, तेही. आणि सगळ्यात आधी विचार, दवाखाना कुठे आहे? आयसीयूत बेड किती, व्हेंटिलेटर किती चालू, एका पाळीला विद्यार्थी किती? नवजात बाळांचा विभाग आहे का? मुठीएवढ्या बाळाच्या फुप्फुसाला किती हवा द्यायची हे फळ्यावर शिकता येत नाही. शेवटचं वर्ष इंटर्नशिपचं असतं, ते कुठे करायला मिळतं? पैसे मिळतात का उलटे भरावे लागतात? मागच्या बॅचची दोन मुलं गाठ आणि ती आता कुठे आहेत ते त्यांच्याच तोंडून ऐक. नोकरीचं खरं सांगायचं तर मोठ्या शहरांतल्या खासगी दवाखान्यांत मागणी आहे, आखाती देशांतही मुलं जातात. आपल्या तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात मात्र या नावाची जागा नाही. ती हवी म्हणून मी लिहिणार आहे, पण माझ्या लिहिण्याच्या भरवशावर फी भरू नकोस.

वडिलांनी काल कॉलेजला फोन केला. आयसीयू बघायचंय म्हटल्यावर तिकडून आधी विचारलं, कशाला? मग सोमवारी या म्हणाले. शुक्रवारची मुदतही आपोआप पुढे गेली.

सोमवारी सकाळच्या एसटीने आम्ही तिघं जातोय. मुलीने वहीत प्रश्न उतरवून घेतलेत. पहिल्या पानावर तिने स्वतःहून एक वाढवलाय: रात्री वॉर्डात शिकवायला कोण असतं?