अन्य मनांचा प्रश्न

अन्य मनांचा प्रश्न हा ज्ञानमीमांसा आणि मनाचे तत्त्वज्ञान या दोन शाखांच्या सीमेवरचा प्रश्न आहे. स्वतःच्या सुखदुःखांची, विचारांची व इच्छांची जाणीव प्रत्येकाला थेट होते. दुसऱ्याचे मात्र शरीर, हालचाली आणि शब्द एवढेच प्रत्यक्षास येतात. असे असताना दुसऱ्यालाही मन आहे आणि त्या मनात अमुक एक चालले आहे, असे म्हणण्यास आधार कोणता, हा या प्रश्नाचा गाभा होय. याला चिकटूनच दुसरा प्रश्न येतो : स्वतःच्या मनाचे ज्ञान तरी मानले जाते तितके थेट आणि निर्दोष असते काय? पहिल्या प्रश्नाचे उत्तर बऱ्याच अंशी दुसऱ्याच्या उत्तरावर अवलंबून असल्याने या लेखात दोहोंचा एकत्र विचार केला आहे.

प्रश्नाचे स्वरूप

दातदुखीने कळवळणाऱ्या माणसासमोर बसून ‘याला खरोखर दुखते आहे काय’ अशी शंका व्यवहारात कोणी घेत नाही. घेतलीच तर तो तत्त्वज्ञ न ठरता निर्दय ठरेल. जगात केवळ माझेच मन अस्तित्वात आहे, या अहंमात्रवादाचा मनापासून पुरस्कार करणारा विचारवंतही सापडणे कठीण. तेव्हा प्रश्न अन्य मने आहेत की नाहीत हा नसून, ती आहेत या आपल्या अढळ खात्रीचे समर्थन कसे करायचे, हा आहे. रने देकार्तने ‘मेडिटेशन्स’ (१६४१) या ग्रंथात खिडकीतून दिसणाऱ्या वाटसरूंचे उदाहरण दिले आहे. डोळ्यांना दिसतात त्या टोप्या आणि अंगरखे. त्यांच्याखाली यंत्रेही असू शकतील. तरीही ती माणसे आहेत असा निर्णय बुद्धी करते.

प्रश्नाला दोन पदर आहेत. दुसऱ्याला मन आहे हे कशावरून, हा एक. आणि त्या मनात नेमके काय आहे हे कसे कळते, हा दुसरा. दुसऱ्याच्या मनातले न सांगता ओळखणाऱ्याला मराठीत ‘मनकवडा’ म्हणतात. हा शब्द दुसऱ्या पदराविषयीचा आहे; पहिला पदर त्यात गृहीतच धरलेला असतो.

भारतीय दर्शनांतील विचार

हा प्रश्न युरोपीय तत्त्वज्ञानाची देणगी आहे, असा समज पाठ्यपुस्तकांमुळे पसरलेला दिसतो. तो बरोबर नाही. वैशेषिक दर्शनावरील आपल्या ग्रंथात प्रशस्तपादाने शरीरातील आत्म्याचे अनुमान रथाच्या दृष्टांताने मांडले आहे. रथ खड्डा चुकवून नीट वाटेने जातो, त्यावरून सारथी आहे हे कळते. त्याचप्रमाणे हिताकडे वळणाऱ्या आणि अहितापासून दूर सरणाऱ्या शरीरावरून त्याचा नियंता अनुमानाने कळतो.

या विषयाला वाहिलेला स्वतंत्र ग्रंथ बौद्ध आचार्य धर्मकीर्ती (सुमारे सातवे शतक) यांनी लिहिला. त्याचे नाव ‘सन्तानान्तरसिद्धि’. मूळ संस्कृत ग्रंथ लुप्त झाला असून तिबेटी भाषांतर उपलब्ध आहे. रशियन पंडित श्चेर्बात्स्की यांनी ते विसाव्या शतकाच्या प्रारंभी प्रकाशात आणले. बौद्ध मतानुसार नित्य आत्मा नाही, क्षणोक्षणी उत्पन्न होणाऱ्या चित्तांचा प्रवाह, म्हणजे संतान, तेवढा आहे. म्हणून ‘दुसरा जीव’ म्हणजे ‘दुसरे संतान’.

ग्रंथातील पेच मोठा अवघड आहे. विज्ञानवादानुसार बाह्य वस्तू नाहीतच, जे भासते ते चित्ताचेच आकार होत. मग समोरच्या माणसाचे शरीरही पाहणाऱ्याच्या चित्तातील आकार ठरते आणि विज्ञानवादी अहंमात्रवादाच्या खाईत पडतो, असा वस्तुवाद्याचा आक्षेप आहे. धर्मकीर्तींचे उत्तर असे : वस्तुवाद्यालाही परचित्त प्रत्यक्ष दिसत नाही, तोही हालचाल आणि वाणी या खुणांवरूनच त्याचे अनुमान करतो. स्वतःच्या बाबतीत हालचालीपूर्वी इच्छा असते हे प्रत्येकाने अनुभवलेले असते. आपल्या इच्छेवाचून घडलेल्या हालचाली आणि ऐकू आलेले बोलणे यांनाही इच्छा हे कारण असलेच पाहिजे. ती आपली नाही, म्हणून ती दुसऱ्याची. हेच अनुमान हालचालींच्या केवळ भासावरूनही करता येते. त्यासाठी बाह्य वस्तू मानण्याची गरज नाही.

पुढे अकराव्या शतकात विक्रमशीला महाविहारातील रत्नकीर्ती यांनी ‘सन्तानान्तरदूषण’ लिहून याच अनुमानावर घाव घातला. धुरावरून अग्नीचे अनुमान होते, कारण दोहोंचे साहचर्य कधीतरी पाहिलेले असते. परकीय इच्छा मात्र कधीच कोणाच्या प्रत्यक्षात आलेली नसते. मग तिचा आणि हालचालीचा कार्यकारणसंबंध ठरवायचा कसा? एवढ्यावर न थांबता, ‘माझे चित्त’ आणि ‘दुसरे चित्त’ असा भेद तरी कोणत्या ज्ञानाने ग्रहण होतो, असे ते विचारतात. परमार्थाच्या पातळीवर अन्य संतान सिद्ध होत नाही, असा त्यांचा निष्कर्ष आहे. धर्मकीर्तींच्याच परंपरेतील विचारवंताने त्यांचा सिद्धान्त इतक्या निर्भयपणे तपासावा, ही गोष्ट भारतीय वादपरंपरेच्या सामर्थ्याची साक्ष देते.

योगसूत्रांत परचित्तज्ञान ही सिद्धी मानली आहे, परंतु तेथेही एक मार्मिक मर्यादा घातली आहे. दुसऱ्याचे चित्त आसक्त आहे एवढे योग्याला कळते. ते कशावर आसक्त आहे, हे त्याच ज्ञानाने कळत नाही.

स्वतःच्या ज्ञानाचे ज्ञान कसे होते, यावर तर दर्शनांत शतकानुशतके वाद चालला. ज्ञान दिव्यासारखे स्वतःलाही प्रकाशित करते, हे बौद्धांचे स्वसंवेदनाचे मत. नैयायिकांच्या मते ‘हा घट’ या ज्ञानानंतर ‘मला घटाचे ज्ञान झाले’ असे दुसरे ज्ञान होते. त्यास ते अनुव्यवसाय म्हणतात. कुमारिल भट्टांनी सर्वांत धाडसी भूमिका घेतली : स्वतःचे ज्ञानही प्रत्यक्ष कळत नाही, वस्तूला आलेल्या ‘ज्ञातता’ या धर्मावरून ते ओळखावे लागते. ही भूमिका मान्य केल्यास स्वतःचे मन आणि दुसऱ्याचे मन यांतील अंतर पुष्कळच कमी होते.

साम्यानुमान आणि त्यावरील आक्षेप

जॉन स्टुअर्ट मिल यांनी सर विल्यम हॅमिल्टन यांच्या तत्त्वज्ञानाची चिकित्सा करणाऱ्या ग्रंथात (१८६५) साम्यानुमान मांडले. माझ्या बाबतीत शरीराला इजा, मग वेदना, मग कण्हणे अशी साखळी असते. दुसऱ्याच्या बाबतीत पहिली आणि शेवटची कडी दिसते. म्हणून मधली कडीही असली पाहिजे. बर्ट्रंड रसेल यांनी ‘ह्यूमन नॉलेज’ (१९४८) मध्ये याच युक्तिवादाला अधिक काटेकोर रूप दिले.

यावर पहिला आक्षेप असा की, हे एकाच उदाहरणावरून केलेले सामान्यीकरण आहे. एका घरात तळघर आढळले म्हणून गावातील सर्व घरांना तळघर आहे असे म्हणता येत नाही. त्यातही येथे इतर घरांत उतरून पाहण्याची सोय कधीच नाही. दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. ‘दुखणे’ या शब्दाचा अर्थ जर मी केवळ स्वतःच्या वेदनेवरून शिकलो असेन, तर दुसऱ्याच्या ‘दुखण्या’विषयी बोलणे मला सार्थ तरी कसे वाटेल?

लुडविग विट्गेन्श्टाइन यांच्या मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या ‘फिलॉसॉफिकल इन्व्हेस्टिगेशन्स’ (१९५३) या ग्रंथात या प्रश्नाचा पायाच तपासला आहे. प्रत्येकाजवळ एक डबी आहे, आतल्या वस्तूला सर्वजण ‘भुंगा’ म्हणतात, पण कोणालाही दुसऱ्याच्या डबीत डोकावता येत नाही, अशी कल्पना ते करतात. अशा स्थितीत डबीत वेगवेगळ्या वस्तू असतील किंवा काहीही नसेल. ‘भुंगा’ हा शब्द तरीही भाषेत चालत राहील. तात्पर्य, वेदनेचा शब्द खाजगी वस्तूला चिकटवलेली चिठ्ठी नव्हे. मूल पडते, रडते. मोठी माणसे त्याला ‘दुखले का’ असे विचारतात आणि रडण्याच्या जागी हळूहळू शब्द येतो. शब्दाचा अर्थ पहिल्यापासूनच चारचौघांतला असतो.

पी. एफ. स्ट्रॉसन यांनी ‘इंडिव्हिज्युअल्स’ (१९५९) या ग्रंथात हा धागा पुढे नेला. मानसिक विशेषणे दुसऱ्याला लावता येत असतील, तरच ती स्वतःलाही लावता येतात. म्हणून शरीर आणि मन यांच्या आधी ‘व्यक्ती’ ही मूळ संकल्पना मानावी, असे ते म्हणतात. मराठी वाक्यरचना या मताला अनुकूल आहे. ‘मला भूक लागली’ आणि ‘त्याला भूक लागली’ यांत क्रियापद तेच राहते आणि अनुभवणारा दोन्हीकडे चतुर्थीतच येतो. सर्वच भाषा इतक्या उदार नाहीत. जपानी भाषेत स्वतःच्या वेदनेसाठी वापरायचे विशेषण तिसऱ्या माणसाला सरळ विधानात तसेच लावणे अस्वाभाविक मानतात. तो तसे दर्शवतो आहे, किंवा त्याला तसे होत असावे, अशा अर्थाचे रूप योजावे लागते.

युरोप खंडातील घटनाशास्त्रीय परंपरेने प्रश्नाला वेगळे वळण दिले. एडिथ स्टाइन यांचा परानुभूतीवरील प्रबंध १९१७ मध्ये प्रसिद्ध झाला. दुसऱ्याच्या चेहऱ्यावरील दुःख हे अनुमानाने काढलेले नसून पाहिलेलेच असते. मात्र ते माझे म्हणून अनुभवलेले नसते, असे त्यांचे विश्लेषण आहे. झाँ-पॉल सार्त्र यांनी ‘बीइंग अँड नथिंगनेस’ (१९४३) मध्ये किल्लीच्या भोकातून चोरून पाहणाऱ्या माणसाचे उदाहरण घेतले. मागे पावलांचा आवाज होताच तो शरमतो. आपण कोणाच्या तरी दृष्टीचा विषय झालो आहोत, या जाणिवेतूनच त्याला स्वतःचे भान येते.

स्वज्ञानाची विश्वसनीयता

डेव्हिड ह्यूम यांनी १७३९ मध्येच नोंदवले होते की, अंतरंगात कितीही शोधले तरी ऊन-थंडी, प्रेम-द्वेष अशा संवेदना सापडतात, ‘मी’ कधीच सापडत नाही. कांट यांनी ‘मी’ ही सापडण्याची वस्तू नसून सर्व अनुभवांना एकत्र बांधणारी अट आहे, असे उत्तर दिले. गिल्बर्ट राइल यांनी ‘द कॉन्सेप्ट ऑफ माइंड’ (१९४९) मध्ये आणखी पुढे जाऊन म्हटले की, माणूस स्वतःला ओळखतो तो मुख्यतः दुसऱ्याला ओळखतो त्याच मार्गाने. फरक एवढाच की, स्वतःविषयीची सामग्री अधिक हाताशी असते. डोकेदुखीच्या बाबतीत हे पटत नाही. मत्सर, भित्रेपणा, अहंकार यांच्या बाबतीत मात्र नको तितके पटते. आपला मत्सर शेजाऱ्याला आपल्याआधी कळलेला असतो.

रिचर्ड निस्बेट आणि टिमोथी विल्सन यांचा १९७७ मधील शोधनिबंध या संदर्भात नेहमी उद्धृत होतो. त्यांनी ग्राहकांपुढे पायमोज्यांचे चार जोड ओळीने मांडून उत्तम जोड निवडण्यास सांगितले. चारही जोड अगदी सारखे होते. सर्वाधिक निवड उजव्या टोकाच्या जोडाची झाली. कारण विचारता लोकांनी वस्त्राचा दर्जा सांगितला, जागेचे कारण कोणीही सांगितले नाही. माणूस आपल्या कृतीची कारणे आत पाहून वाचत नाही, तर पटण्याजोगी कारणे रचतो, असा याचा अर्थ लावला जातो. मात्र या प्रयोगाने कारणांविषयीचे स्वज्ञान डळमळते. ‘आत्ता मला काय वाटते आहे’ या ज्ञानाला त्याने धक्का लागत नाही, हा भेद पुष्कळदा विसरला जातो.

मानसशास्त्रीय संशोधन

डेव्हिड प्रेमॅक आणि गाय वुड्रफ यांनी १९७८ मध्ये चिंपांझीला ‘मनाचा सिद्धान्त’ असतो काय, असा प्रश्न विचारला आणि एका नव्या संशोधनशाखेला आरंभ झाला. हाइंत्स विमर आणि योसेफ पेर्नर यांनी १९८३ मध्ये चुकीच्या समजुतीची कसोटी तयार केली. तिचे सर्वांत प्रसिद्ध रूप सायमन बॅरन-कोहेन, अ‍ॅलन लेस्ली आणि उटा फ्रिथ यांनी १९८५ मध्ये योजिले. सॅली नावाची बाहुली आपली गोटी टोपलीत ठेवून बाहेर जाते. अ‍ॅन ती गोटी पेटीत हलवते. परत आल्यावर सॅली गोटी कोठे शोधेल, असे मुलाला विचारतात. तीन वर्षांची मुले बहुधा ‘पेटीत’ म्हणतात, कारण गोटी तेथे आहे. साधारण चार वर्षांपासून ‘टोपलीत’ हे उत्तर येऊ लागते : सॅलीच्या डोक्यातले जग खऱ्या जगाहून वेगळे असू शकते, हे मुलाला उमगलेले असते. मूळ प्रयोगात आत्ममग्नता असलेल्या २० मुलांपैकी १६ जणांना हे उत्तर देता आले नाही.

या निष्कर्षावरून आत्ममग्न व्यक्तींना ‘मनांधळे’ म्हणण्याची प्रथा पडली, ती अन्यायाची आहे. डेमियन मिल्टन यांनी २०१२ मध्ये मांडलेल्या विचारानुसार न समजणे दुहेरी असते. इतरांनाही आत्ममग्न व्यक्तीचे मन वाचता येत नाही, पण दोष मात्र एकाच बाजूला चिकटवला जातो.

मुलाला हे ज्ञान कसे होते, याविषयी दोन मुख्य मते आहेत. वैज्ञानिकाप्रमाणे मूल मनाविषयी एक सिद्धान्त रचते, हे एक. दुसरे असे की, आपण दुसऱ्याच्या जागी स्वतःला कल्पून आपल्याच मनात त्याची परिस्थिती चालवून पाहतो. प्रत्यक्षात माणूस प्रसंगानुसार दोन्ही मार्ग वापरतो, असे मानणारेही बरेच आहेत.

आत्मभानाच्या संदर्भात गॉर्डन गॅलप यांची १९७० मधील आरसा-कसोटी प्रसिद्ध आहे. गुंगीत असताना कपाळावर लावलेला रंगाचा ठिपका चिंपांझी आरशात पाहून स्वतःच्या अंगावर शोधतात. मानवी मुलांना हे सामान्यतः दीड ते दोन वर्षांच्या वयात जमते. मात्र कुत्र्यासारख्या वासावर जगणाऱ्या प्राण्याला आरशाने जोखणे कितपत योग्य, हा आक्षेप रास्त आहे.

व्यवहारातील परिणाम

हा प्रश्न केवळ वर्गातला नाही. नवजात अर्भकांना प्रौढांसारखी वेदना होत नाही, या समजुतीने १९८०च्या दशकापर्यंत अनेक ठिकाणी त्यांच्यावर अत्यल्प वेदनाशामक देऊन शस्त्रक्रिया होत असत. अर्भक रडे, परंतु त्या रडण्याला प्रतिक्षिप्त क्रिया मानले जाई. डॉ. के. जे. एस. आनंद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये दाखवून दिले की, शस्त्रक्रियेच्या वेळी पुरेसे वेदनाशामक मिळालेल्या अकाली जन्मलेल्या बालकांच्या शरीरावर ताणाचे परिणाम कमी होतात आणि त्यांची प्रकृतीही अधिक चांगली राहते. यानंतर वैद्यकीय प्रथा बदलत गेली.

२००६ मध्ये एड्रियन ओवेन आणि सहकाऱ्यांनी अपघातानंतर जाणीवहीन मानल्या गेलेल्या २३ वर्षांच्या स्त्रीची मेंदूप्रतिमा घेताना तिला टेनिस खेळत असल्याची आणि घरातून फिरत असल्याची कल्पना करण्यास सांगितले. तिच्या मेंदूत निरोगी माणसांप्रमाणेच क्रियाशीलता आढळली. येथे हालचाल आणि वाणी या धर्मकीर्तींच्या दोन्ही खुणा नव्हत्या. तिसरी खूण यंत्राने दाखवली. तरीही तीवरून मनापर्यंत जाण्याचा मार्ग अनुमानाचाच राहिला.

प्राण्यांच्या बाबतीत टॉमस नेगल यांनी १९७४ मध्ये वटवाघळाचे उदाहरण घेऊन मर्यादा स्पष्ट केली : त्याच्या मेंदूची सर्व माहिती मिळाली तरी वटवाघूळ असणे कसे वाटते, हे त्यातून कळत नाही. कायद्याला मात्र निर्णय घ्यावाच लागतो. ब्रिटनने २०२२ मध्ये संमत केलेल्या प्राणीकल्याणविषयक कायद्यात पृष्ठवंशीय प्राण्यांबरोबरच खेकडे व शेवंडे यांसारखे दशपाद आणि अष्टपाद वगैरे शीर्षपाद प्राणी संवेदनक्षम म्हणून समाविष्ट केले आहेत.