बिनचुलीच्या खिरापतीची चूल

पंचखाद्य हा आपला सगळ्यांत कमी कष्टाचा नैवेद्य. मोदकाची उकड फाटते, पुरण सैल होतं. पंचखाद्याचं काही बिघडत नाही, कारण ते शिजवायचंच नसतं. खारीक, खोबरं, खसखस, खडीसाखर आणि खिसमिस. किसायचं, कुटायचं, एकत्र करायचं आणि आरती झाली की चिमूट चिमूट हातावर ठेवायचं. फार तर खसखस आणि खोबरं तव्यावर जरा परतून घ्यायचं. चुलीवाचून होणारा गोड पदार्थ म्हणून मीही त्याच्याकडे कौतुकाने बघत होतो. मग मानकोली नाक्याजवळच्या एका गोदामात खारकेच्या गोण्या उतरताना पाहिल्या. एक गोण उसवली होती. त्यातली खारीक हातात घेऊन सहज विचारलं, ही झाडावरच अशी वाळते का? माल मोजणारा हसला. "वाळते कसली, उकडतात. ओमानला मोठमोठे हंडे लागतात हिच्यासाठी."

पुढची सगळी कुळकथा या हंड्यावर उभी आहे. पंचखाद्याला चूल लागत नाही, कारण ती आपल्या वतीने समुद्रापलीकडे कधीच पेटलेली असते.

ओमानच्या शर्किया भागात, इब्रा, बिदिया या गावांकडे, मब्सली नावाचा खजूर होतो. तो पिकून मऊ होण्याची वाट कोणी बघत नाही. उन्हाळ्यात पिवळाधमक, कडक असतानाच घड उतरवतात, तांब्याच्या मोठ्या भांड्यांत साधारण 15 ते 20 मिनिटं उकळतात आणि मोकळ्या जागेवर उन्हात पसरतात. या हंगामाला तिकडे तब्सील म्हणतात. सगळा गाव त्यात गुंतलेला असतो, आणि गंमत अशी की हा माल मुख्यतः त्यांच्या ताटासाठी नसतोच. पिढ्यानपिढ्या त्याचं मोठं गिऱ्हाईक भारत.

उकळायचं कशासाठी? कच्च्या खजुरातली साखर बरीचशी आपल्या उसाच्या साखरेसारखीच असते. फळ पिकताना त्यातली विकरं ती साखर फोडतात, फळ मऊ आणि चिकट होतं. तो झाला खजूर. उकळलं की विकरं मरतात, साखर फुटायची थांबते, फळ सुरकुतून टणक होतं. ती झाली खारीक. म्हणून खजुराचा लाडू आपला आपण वळला जातो, आणि खारकेची कोरडी पूड होते. हातावर वाटायच्या प्रसादाला चिकट काही चालत नाही. हल्ली "साखर न घातलेले" म्हणून विकतात ते खजुराचे रोल दिसायला पंचखाद्याचे भाऊबंद, पण त्यांचं रसायन अगदी उलटं आहे.

आता शब्द. खारीक कुठून आली, यावर तीन मतं ऐकायला मिळतात. पहिलं, संस्कृत खर्जूरिका. ऐकायला भारदस्त आहे. पण त्या वाटेने 'खजूर' येतो, आणि तो मराठीत वेगळा नांदतोच आहे. मधला ज कुठे गेला हे या मताला सांगता येत नाही. दुसरं, खार म्हणजे मीठ. खारीक चाखलेल्या माणसाने हे मत मांडलं असेल असं मला वाटत नाही. तिसरं, फारसी 'खारक'. इराणच्या दक्षिण किनाऱ्यावर पिवळ्या, कडक, अर्धकच्च्या खजुराला खारक म्हणतात. अरबीत फळाच्या चार अवस्थांना चार नावं आहेत, किमरी, खलाल, रुतब, तमर. त्यांतल्या खलालशी ही खारक जुळते. आणि उकळण्यासाठी नेमकी हीच अवस्था लागते.

मी या तिसऱ्या मताच्या बाजूने आहे, आणि माझा साक्षीदार कच्छ आहे. तिथे झाडावरून उतरलेल्या ताज्या, लाल-पिवळ्या, करकरीत फळालाच खारेक म्हणतात. 2024 साली त्या कच्छी खारकेला भौगोलिक मानांकनही मिळालं. म्हणजे नाव मुळात वाळवणाचं नव्हे, अवस्थेचं. कच्छला झाड होतं, म्हणून तिथे नाव ताज्या फळावर बसलं. कोकणात फळ पोचलं ते उकडून, वाळून, गलबतातून; म्हणून आपल्याकडे तेच नाव सुरकुत्यांना चिकटलं. सोळाव्या शतकातल्या 'भावप्रकाशा'त भावमिश्राने गाईच्या सडाच्या आकाराचा, परद्वीपातून आलेला, पश्चिमेच्या देशात होणारा एक खजूर सांगून त्याला छोहारा म्हटलं आहे. हा हिंदीतला छुहारा, म्हणजेच आपली खारीक. ती परदेशी आहे हे वैद्याला ठाऊक होतं. देवघरात मात्र कोणी चौकशी केली नाही. पाण्यात शिजवलेल्या अन्नाच्या सोवळ्याओवळ्याचा केवढा बाऊ करणारे आपण, पण परमुलखात, परधर्मीयांच्या हंड्यात, पाण्यातच उकळलेलं हे फळ 'सुका मेवा' म्हणून थेट विड्याच्या पानावर जाऊन बसलं. मला तरी हा आपल्या धर्मशास्त्राचा फार लोभस विसराळूपणा वाटतो.

माल कोणत्या वाटेने आला याला फार शब्द नकोत. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासवहीत इराणी आखातातल्या बंदरांतून भडोचला भरपूर खजूर जात असल्याची नोंद आहे, आणि त्याच वहीत आपलं कल्याणही आहे. उल्हास खाडीच्या एका अंगाला कल्याण-डोंबिवली, दुसऱ्या अंगाला मानकोली. ट्रक येण्याआधी शेकडो वर्षं या पाण्यातून गलबतं ये-जा करत होती.

खरा वाद पाच 'ख'चा. घरोघरी सांगतात की ख-ने सुरू होणारे पाच जिन्नस म्हणून पंचखाद्य. मला हे पटत नाही. कर्नाटकाच्या किनाऱ्यावर गणपतीला पंचकज्जाय करतात. खाद्यचं प्राकृतात खज्ज झालं, त्यातूनच आपला खाजा आला आणि तिकडचा कज्जायही. म्हणजे नाव एकच. पण त्यांचे जिन्नस चणाडाळ, गूळ, खोबरं, तीळ, तूप. त्या यादीत ख-चा आग्रह कुठेच नाही. माझं अनुमान असं, की मूळ अर्थ नुसता "पाच खायच्या वस्तू"; बंदराच्या बाजारात खारीक आणि खसखस शेजारीशेजारी मिळू लागल्यावर कोणा हौशी माणसाच्या कानाला ख-चा नाद लागला आणि यादी त्या अक्षरावर बेतली गेली. ओढाताण अजून दिसते. खडीसाखरेतला ख खड्याचा आहे, साखरेचा नव्हे. फारसी किशमिश मराठीत किसमिस झाली होती, तिला पंक्तीत बसवायला खिसमिस केलं. पाचवी जागा तर कायमची भांडणाची: कुठे खिसमिस, कुठे खवा, कुठे खजूर. खजूर घेणाऱ्यांच्या घरी एकच फळ दोन पाटांवर बसतं!

विरोधी पक्ष म्हणेल, दोन प्रांतांत दोन स्वतंत्र चाली असतील. असतील. पण मग खारीक, खसखस आणि खिसमिस ही तिन्ही नावं फारसीकडूनच कशी आली? पाचांतले तीन जिन्नस एकाच दिशेचे, हा योगायोग मला पचत नाही.

आरतीनंतर वाटायच्या या प्रसादाला खिरापत म्हणतात. त्या शब्दाची गाठ मात्र सुटत नाही. अरबी खैरात, म्हणजे दानधर्म, हे मूळ अर्थाला चपखल बसतं. प कुठून आला ते कळत नाही. खीर धरून बसणाऱ्यांना प सापडतो, पण खिरापतीत खीर सापडत नाही. मी खैरातवाला आहे, प-सकट.

करून बघणाऱ्यांसाठी एक गोष्ट. भाद्रपदात खाडीकाठच्या दमट हवेत खारीक चिवट होते आणि मिक्सरचं पातं अडकवते. बी काढून तुकडे करा, मंद तव्यावर नुसते कोमट होईपर्यंत हलवा, पूर्ण गार होऊ द्या, मग फिरवा. गरम असतानाच फिरवलं तर लगदा होतो. खडीसाखर ठेचून अगदी शेवटी घाला. आधी घातली तर ओल धरते.

बाजारातली सगळी खारीक ओमानचीच असते असं नाही. सिंधमधल्या खैरपूरची खारीक, तीही उकडूनच केलेली, वाघामार्गे भरपूर यायची. फेब्रुवारी 2019 मध्ये पाकिस्तानी मालावर 200 टक्के आयातशुल्क बसलं आणि मे 2025 मध्ये आयातच बंद झाली.

कच्छची ताजी खारेक आषाढात आपल्याकडेही हातगाड्यांवर येते. मग हंडा इथेच का चढवू नये? चढवता येईल, 20 मिनिटं उकळायला गॅस पुरे. पण पुढचे कित्येक दिवस कडक ऊन लागतं, आणि फळ हाती येतं ते नेमकं मानकोलीत धो धो पाऊस कोसळत असताना. कच्छमध्येही पाऊस गाठायच्या आत ते उतरवून ताजंच खाऊन टाकतात. तेच आठवडे ओमानात कोरडे ठणठणीत असतात.