तुम्ही कुठले?

रात्री साडेअकराला एखादा पेपर हवा असतो. प्रकाशकाच्या पानावर गोषवारा दिसतो आणि खाली पैसे मागणारी चौकट. मग 'संस्थेमार्फत प्रवेश' असं काहीतरी दाबायचं, यादीत आपलं विद्यापीठ शोधायचं, तिकडच्या पानावर पासवर्ड टाकायचा, फोनवर आलेल्या सूचनेला 'हो' म्हणायचं आणि परत यायचं. पीडीएफ उघडते.

या अर्ध्या मिनिटात प्रकाशकाला तुमच्याबद्दल काय कळलं? बहुतेकांना वाटतं, सगळंच. मूळ आराखड्याप्रमाणे मात्र त्याला एवढंच कळायला हवं की अमुक विद्यापीठ म्हणतंय, 'हा माणूस आमचा आहे.' नाव नाही, ईमेल नाही, विद्यार्थी क्रमांक नाही. ही गोष्ट योगायोगाने घडलेली नाही. २००० च्या आसपास अमेरिकन विद्यापीठांच्या संगणक विभागांत काम करणाऱ्या काही लोकांनी ती ठरवून घडवली.

त्याआधी कसं चालायचं ते बघू. नव्वदच्या दशकात नियतकालिकं इंटरनेटवर आली तेव्हा प्रकाशक एकच गोष्ट तपासायचे: संगणकाचा आयपी पत्ता. कॅम्पसमधला पत्ता असेल तर आत, नाहीतर बाहेर. म्हणजे ओळख माणसाची नव्हती, खुर्चीची होती. लायब्ररीतल्या खुर्चीवर कोणीही बसलं तरी चालायचं, आणि घरी आजारी पडलेल्या प्राध्यापकाला दार बंद. यावर १९९९ मध्ये ॲरिझोनातल्या एका कम्युनिटी कॉलेजचे ग्रंथपाल ख्रिस झॅगर यांनी ईझीप्रॉक्सी नावाचा प्रोग्रॅम लिहिला. घरून आलेली मागणी आधी कॉलेजच्या सर्व्हरकडे जाते आणि तिथून प्रकाशकाकडे, त्यामुळे प्रकाशकाला वाटतं की वाचक कॅम्पसमध्येच बसलाय. जुगाडच, पण इतका पक्का की अजून शेकडो लायब्ऱ्यांमध्ये चालतो. ब्रिटनने वेगळी वाट घेतली. तिथे नव्वदच्या दशकातच 'अथेन्स' ही मध्यवर्ती खात्यांची व्यवस्था उभी राहिली. सोयीची होती, पण विद्यापीठाचा पासवर्ड वेगळा आणि अथेन्सचा वेगळा, शिवाय देशभरातल्या वाचकांची नावं एकाच ठिकाणी.

त्या काळात अमेरिकेतल्या कित्येक विद्यापीठांत विद्यार्थी क्रमांक म्हणजे सरळ सोशल सिक्युरिटी नंबरच असायचा. तोच ओळखपत्रावर, आणि परीक्षेचे निकाल दारावर लावले तर त्या कागदावरही. आज ऐकून काटा येतो. तेव्हा ते फक्त सोयीचं होतं.

१९९६ मध्ये ३४ विद्यापीठांनी मिळून इंटरनेट२ हा प्रकल्प सुरू केला. हेतू होता संशोधनासाठी वेगवान जाळं उभारण्याचा. पण तारा टाकल्या, वेग आला, तरी एक प्रश्न उरलाच: तारेच्या पलीकडे कोण बसलंय हे कसं ओळखायचं? खाली नेटवर्क आणि वर ॲप, यांच्या मधल्या थरात ओळख, परवानगी, नोंदवही ही कामं येतात. याला मिडलवेअर म्हणतात. दिसत नाही, म्हणून त्याला पैसेही सहज मिळत नाहीत. कोलोरॅडो विद्यापीठातून आलेले केन क्लिंगेनस्टाइन इंटरनेट२ मध्ये या थराच्या कामाचे प्रमुख होते. ब्राउन विद्यापीठाचे स्टीव्ह कारमोडी, ओहायो स्टेटचे स्कॉट कँटर, वॉशिंग्टन विद्यापीठाचे आर. एल. मॉर्गन अशी मंडळी जमली आणि २००० मध्ये एक प्रकल्प सुरू झाला. त्याचं नाव शिबोलेथ.

हे नाव जरा भयंकर आहे. बायबलमधल्या शास्ते नावाच्या पुस्तकाच्या १२ व्या अध्यायात युद्धात हरलेले एफ्राइमी लोक यार्देन नदीच्या उतारावरून घरी पळत असतात. उतार गिलादी सैनिकांनी अडवलेला. प्रत्येकाला ते सांगतात, 'शिबोलेथ' म्हण. अर्थ साधा, धान्याचं कणीस. पण एफ्राइमींना 'श' म्हणता येत नाही, ते 'सिबोलेथ' म्हणतात. तिथेच मारले जातात. ग्रंथात आकडा दिलाय ४२,०००.

मराठी घरात वाढलेल्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. आपलं शिबोलेथ म्हणजे 'ळ'. इथे जन्मलेल्या मुलाने आजीला 'मला केलं दे' म्हटलं की केळं मिळतंच, वर हसूही मिळतं. वऱ्हाडात 'डोळा'चा 'डोया' होतो आणि तसं बोलणाऱ्या मुलांना पुण्याच्या होस्टेलवर काय ऐकावं लागतं, हे त्यांनाच विचारा.

आता गंमत बघा. ज्या पानावर तुम्ही यादीतून विद्यापीठ निवडता, त्याचं शिबोलेथच्या सुरुवातीच्या काळातलं नाव होतं 'व्हेअर आर यू फ्रॉम', आद्याक्षरं घेऊन 'वेफ'. परदेशात राहणाऱ्याला हा प्रश्न किती वेळा आणि कोणत्या सुरात विचारला जातो, ते मी तुम्हाला काय सांगणार! 'कुठले?' 'न्यू जर्सी.' 'नाही, मूळचे कुठले?' पण या प्रणालीत उत्तर तिथेच संपतं. विद्यापीठाचं नाव सांगितलं की पुढचा प्रश्न नाही.

पुढचं काम असं चालतं. प्रकाशक तुम्हाला तुमच्या विद्यापीठाकडे पाठवतो. पासवर्ड तुम्ही तिथेच देता, तो प्रकाशकाकडे कधीच जात नाही. विद्यापीठ एक दाखला लिहून त्यावर डिजिटल सही करतं आणि तुमच्या ब्राउझरच्या हाती प्रकाशकाकडे पाठवतं. मी 'दाखला' हा शब्द मुद्दाम वापरतोय. आपल्याकडचा शाळा सोडल्याचा दाखला आठवा: एकाच कागदावर नाव, आईचं नाव, धर्म, जात, जन्मगाव. विचारलेलं असतं फक्त 'दहावी झालात का?' आणि हातात द्यावी लागते अख्खी कुंडली. शिबोलेथच्या दाखल्यात एकच शब्द असू शकतो, 'मेंबर'. आणि वाचकाला पुढच्या वेळी ओळखणं गरजेचं असेल, म्हणजे त्याने जपून ठेवलेले पेपर परत दाखवायचे असतील, तर विद्यापीठ प्रत्येक प्रकाशकाला त्याच वाचकाचं वेगळं निरर्थक टोपणनाव देतं. दोन प्रकाशकांनी वह्या जुळवल्या तरी हा तोच माणूस हे कळू नये म्हणून. कोण काय वाचतं ते ग्रंथपालाने कुणाला सांगायचं नाही, ही तिथल्या ग्रंथालयांची जुनी शिस्त इथे कोडमध्ये उतरली.

शिबोलेथची पहिली पूर्ण आवृत्ती २००३ मध्ये आली. दाखल्याच्या मसुद्याला सॅमल म्हणतात. त्याचं पहिलं प्रमाणित रूप २००२ चं, आणि २००५ च्या दुसऱ्या आवृत्तीत शिबोलेथच्या कामातलं बरंच काही सामावलं गेलं. तुमच्या ऑफिसात एकदा लॉगिन करून दहा साइट्स उघडत असतील, तर त्यामागे बऱ्याचदा हेच सॅमल असतं.

कोड लिहून झाला तरी कोणाच्या दाखल्यावर विश्वास ठेवायचा, हे ठरवायचं होतंच. त्यासाठी फेडरेशन म्हणजे महासंघ निघाले: अमेरिकेत २००४ मध्ये इनकॉमन, ब्रिटनमध्ये २००६ मध्ये यूके फेडरेशन. भारतात गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटचं इन्फेड याच शिबोलेथवर उभं आहे. इन्फेडचं सदस्य असलेल्या महाराष्ट्रातल्या कॉलेजचा विद्यार्थी घरून लॉगिन करतो, तेव्हा हाच सगळा प्रवास होतो. एज्युरोम वायफाय हे याचंच युरोपातलं भावंड म्हणता येईल. नेदरलँड्सच्या क्लास विरेंगा यांची कल्पना, २००३ च्या सुमारास पहिल्या चाचण्या. तिथेही वाटेतले सर्व्हर तुमच्या नावातला ॲटच्या चिन्हानंतरचा भागच बघून मागणी पुढे ढकलतात. म्हणून बोस्टनमधल्या फोनला भारतातल्या एज्युरोम असलेल्या संस्थेत आपोआप वायफाय मिळतं. भारतात हे काम एर्नेट बघतं.

तंत्र सोपं निघालं. अवघड निघाले शब्द. 'आमचा' म्हणजे नक्की कोण? यासाठी २००१ मध्ये एज्युपर्सन नावाची शब्दावली आली आणि माणसाचं विद्यापीठाशी नातं सांगायला त्यात मोजके शब्द ठरवले गेले: फॅकल्टी, स्टुडंट, स्टाफ, एम्प्लॉयी, मेंबर, ॲफिलिएट, ॲलम. वाचायला निरुपद्रवी यादी. पण सहसा 'मेंबर' असेल त्याला पेपर उघडतो, 'ॲलम' असेल त्याला नाही. कंत्राटावर शिकवणारी बाई कोण? दोन सत्रांच्या मधल्या उन्हाळ्यात ती कोण? निवृत्त प्राध्यापक? प्रत्येक विद्यापीठाने हे आपापल्या परीने ठरवलं. बऱ्याचदा ते धोरण म्हणून ठरलंच नाही, रात्री चालणाऱ्या एखाद्या स्क्रिप्टमध्ये ठरलं.

मी स्वतः यातून गेलोय. पीएचडी संपली आणि पुढची नोकरी सुरू व्हायला चार महिने होते. एका सकाळी माझा पासवर्ड चालला, फोनवर सूचना आली, 'हो' म्हटलं, आणि प्रकाशकाने पैशांची चौकट दाखवली. सहा वर्षं त्या संस्थेत काढली, पण रात्रीतून 'मेंबर'चा 'ॲलम' झालो होतो. पोस्टडॉकचा अर्ज लिहायचा होता, आणि त्यात उल्लेख करायचे पेपर कुलपाआड. मित्रांकडे मागितले. त्यातला एकजण म्हणाला, 'सायहब आहे की.' सायहबचं काम काही प्रमाणात विद्यापीठांच्या लोकांच्या लॉगिनवर चालल्याचं वेळोवेळी समोर आलंय. दार फार घट्ट केलं की लोक दुसऱ्याची किल्ली वापरतात.

निनावी राहण्याच्या त्या मूळ वचनाचं काय झालं? अर्धवट राहिलं. काही ठिकाणी नाव लागतंच. गुरुत्वीय लहरी शोधणाऱ्या लायगोचे शेकडो शास्त्रज्ञ, ज्यांत पुण्याच्या आयुकातलेही आहेत, एकमेकांच्या विदेवर काम करतात तेव्हा कोणी काय बदललं ते कळायला हवं. ते रास्त आहे. पण प्रकाशकांनाही वाचक ओळखायचा असतो. २०१६ मध्ये प्रकाशकांच्या संघटनेने आयपी पत्त्याऐवजी सर्वत्र अशा लॉगिनचा आग्रह धरला, २०१९ मध्ये त्यातून सीमलेसॲक्सेस ही सेवा आली, आणि ग्रंथपालांनी लगेच विचारलं: दाखल्यात काय काय जाणार? भीती खरी होती. शिबोलेथ कमीत कमी सांगू शकतं. पण विद्यापीठाच्या कर्मचाऱ्याने सेटिंग नीट केलं नाही, तर तेच शिबोलेथ नाव, ईमेल, विभाग सगळं बांधून देतं. कित्येकदा तुमचं विद्यापीठ दाखला पाठवण्याआधी त्यातली माहिती दाखवतं आणि आपण न वाचता पुढे जातो. पुढच्या वेळी थांबून वाचा. माझ्या नव्या संस्थेच्या दाखल्यात जन्मतारीख होती. मी आयटी विभागाला लिहिलं, तीन आठवड्यांनी ती काढली गेली.

वरच्या यादीत नंतर आठवा शब्द आला, 'लायब्ररी-वॉक-इन'. म्हणजे जो कोणी लायब्ररीत चालत येऊन बसलाय तो. ना फी भरलेली, ना कार्ड. त्या चार महिन्यांत मला हे ठाऊक नव्हतं. नंतर काउंटरवरच्या बाईंनी सांगितलं. बसने गावातल्या सरकारी विद्यापीठाच्या लायब्ररीत गेलो, तळमजल्यावरच्या चार सार्वजनिक संगणकांपैकी एकावर बसलो. कोणी नाव विचारलं नाही. सगळे पेपर उघडले. संध्याकाळी सहाला त्यांनी दिवे मालवायला घेतले तेव्हा दोन राहिले होते, ते दुसऱ्या दिवशी जाऊन वाचले.