पोथी मिटल्यानंतरचा अभ्यास

वेदपाठशाळेत गुरु संथा देतात. परंतु शिष्याचा पाठ पक्का झाला की नाही, हे पोथी मिटल्यावरच ठरते. घनपाठात पहिली दोन पदे सरळ, मग उलट, त्यानंतर तीन पदे सरळ, उलट व पुन्हा सरळ म्हणावी लागतात. नुसत्या ओघाने जिभेवर आलेला पाठ तेथे पुरा पडत नाही. प्रत्येक पद स्मरणातून उचलून आणावे लागते.

या अनुभवाचे मर्म पाश्चात्त्य विचारवंतांनी निराळ्या वाटेने शोधले. वीस वेळा वाचण्यापेक्षा दहा वेळा वाचून मध्ये मध्ये आठवून पाहणे अधिक फलदायी, असे इंग्लंडच्या फ्रान्सिस बेकनने 1620 मध्येच नमूद केले होते. 1917 मध्ये आर्थर गेट्स यांनी अमेरिकेतील शाळकरी मुलांवर प्रयोग करून, अभ्यासाचा बराचसा वेळ आठवून म्हणण्यास दिल्यास स्मरण दृढ होते, असे दाखविले. 1939 मध्ये हर्बर्ट स्पिट्झर यांनी आयोवा राज्यातील सहावीच्या 3,605 मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. वाचनानंतर लवकर चाचणी दिलेल्या मुलांचे विस्मरण पुष्कळच कमी झाले होते.

2006 मध्ये रोडिगर व कार्पिके यांनी केलेला प्रयोग तर अतिशय उद्बोधक आहे. काही विद्यार्थ्यांनी एक उतारा चार सत्रांत वाचला. इतरांनी एका सत्रात वाचून पुढील तीन सत्रांत तो आठवून लिहिला. पाच मिनिटांनी पहिल्यांना 83 टक्के, तर दुसऱ्यांना 71 टक्के मजकूर आठवला. आठवड्यानंतर मात्र पहिल्यांजवळ 40 टक्के उरला, दुसऱ्यांजवळ 61 टक्के! आपल्याला चांगले आठवेल, असा विश्वास मात्र केवळ वाचणाऱ्यांनाच अधिक वाटत होता.

पुनर्वाचनातील सुलभता अशी फसवी असते. आठवताना होणारे कष्ट हेच स्मरणाचे बळ होय. म्हणून परीक्षा ही केवळ न्यायासनावर बसणारी नव्हे, ती स्वतः शिकविणारीही आहे. शिक्षकाने तासाच्या आरंभी कालच्या धड्यावर दोन-चार प्रश्न विचारावेत, मुलांनी पुस्तक मिटून उत्तरे लिहावीत आणि चुका तेथल्या तेथे सुधाराव्यात. गुण अथवा शिक्षा यांचे भय मध्ये नसावे. पाठ चुकला असता गुरूने तो पुन्हा सांगावा व शिष्याने पुन्हा म्हणावा, या जुन्या रीतीचे सार्थक त्यातच आहे.